बेंच वॉरंट म्हणजे सर्किट बेंचचं वॉरंट का? (जुनी चेकची केस, कोल्हापूर)

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. गेल्या मंगळवारी आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरी एक हवालदार येऊन गेले. तिथं आता फक्त चुलते राहतात. "हितंच राहतोय का, कुठं असतोय, वॉरंट हाय" एवढंच बोलले आणि गेले. चुलत्यांनी मला फोन केला, पण त्याआधी गल्लीतल्या चार जणांना सांगून झालं होतं.

मागची गोष्ट अशी. २०१४ ला एका मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीनदार राहिलो. त्यांनी माझे दोन कोरे चेक सह्या घेऊन ठेवले. मित्र थकला, त्यांनी माझा चेक टाकला, तो परत आला आणि १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची केस झाली. कोर्ट तेव्हा भाऊसिंगजी रोडला होतं. पहिल्या चार-पाच तारखांना गेलो, जामीनही दिला. मग मित्र म्हणाला, "भरलंय सगळं, मिटलं, तू जाऊ नको." आपण पण खुळं, गेलो नाही. पुढं फुलेवाडीला घर घेतलं. एकही कागद हातात आलेला नाही.

अमेरिकेतला भाचा म्हणतो, "मामा, ह्याला बेंच वॉरंट म्हणतात. तारखेला गेला नाहीस म्हणून जज्जनं स्वतः काढलेलं. इकडं आमच्या काउंटीच्या साईटवर नाव टाकलं की दिसतं." हे ऐकून चुलत्यांनी बेंच म्हणजे सर्किट बेंच असं ठरवलं आणि "हायकोर्टाचं वॉरंट आलंय" म्हणून पेठेत डंका पिटला. रात्री झोप नाही. दोन गोष्टी सांगा: खरंच वॉरंट आहे का हे बघायचं कुठं, आणि असलं तर करायचं काय?

रस्सा_वेगळा

आयला, चुलते भारीच की!

भावा, टेन्शन घेऊ नको. पोलीस ठाण्यात कुणीतरी ओळखीचं असतंयच. चहापाणी करायचं, "पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा मारून वॉरंट परत जातंय. आमच्या गल्लीतल्या एकानं सहा वर्षं असंच काढलंय.

काळा_कोट_बावडा

लेथवाले दादा, आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडच्या कायद्यात "बेंच वॉरंट" असा वेगळा प्रकार नाही. आपल्याकडं जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे दोनच. भाचा म्हणतो ती अमेरिकेची पद्धत, अर्थ साधारण तोच. सर्किट बेंच म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालेलं काम: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं. तुमची केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढची आहे. म्हणजे कसबा बावड्याला, न्यायसंकुलात. चुलत्यांना सांगा, हायकोर्टाला तुमची अजून ओळख नाही.

आता तपासणी. ई-कोर्ट्सच्या साईटवर किंवा ॲपवर राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावानं शोधा. वर्ष टाकावं लागतं. नोटीस कधी आली ते आठवून मागचं-पुढचं वर्षही बघा. प्रलंबित आणि निकाली दोन्ही तपासा, कारण "मिटलं" हे खरं असेल तर ती निकालीत दिसेल. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाका. १३८ ची केस एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) नंबरनं असते, पोलिसांनी दोषारोपपत्र ठेवलेली आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबरनं. सापडली की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

नेमकं बघायचं ते केसच्या टप्प्यात. तिथं "एन.बी.डब्ल्यू. अनरेडी" असं काही दिसलं तर अजामीनपात्र वॉरंट निघालंय. "बी.डब्ल्यू." असेल तर जामीनपात्र. मागच्या तारखांवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं तेही थोडक्यात येतं. पण साईटवर काही दिसलं नाही म्हणजे वॉरंट नाही असं समजू नका. जुन्या केसेसची नोंद अर्धवट असते. खात्री रोजनाम्यातूनच, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या कोर्टातल्या नोंदीतूनच होते. वकिलामार्फत फाईल पाहा किंवा नकलेचा अर्ज द्या.

आणि रस्सा_वेगळा, तुमच्या सल्ल्यानं माणूस आत जातो. शेरा मारून परत गेलेलं वॉरंट मरत नाही, कोर्ट पुन्हा काढतं. ते कोर्टानं रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं, त्याला मुदत नसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ७० होतं. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ७२ आहे.

निवृत्त_अंमलदार

मी एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली सहा वॉरंट-समन्सच्या टेबलावर. वरचं चहापाण्याचं वाचून हसू आलं.

कोर्टातून वॉरंट ठाण्यात आलं की वॉरंट रजिस्टरला नोंद होते, मग बीटच्या अंमलदाराकडं जातं. एरवी कामाच्या रगाड्यात तो पत्त्यावर एक चक्कर मारतो आणि कागद घडी घालून डायरीत ठेवतो. पण निवडणूक लागली की चित्र पालटतं. निवडणूक आयोग प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांचा हिशेब मागतो, वरून रोज आकडा विचारला जातो. मग सहा वर्षं डायरीत पडलेला कागद पहाटे साडेपाचला तुमच्या दारात उभा राहतो. त्या वेळी चहा पाजणारा ओळखीचा माणूस फोन उचलत नाही. आम्ही पण उचलत नव्हतो.

दुसरी गोष्ट, सलग सुट्ट्यांच्या आधी उचललं तर २४ तासांत हजर करायचंच असतं, पण ते सुट्टीच्या कोर्टापुढं. तिथं तुमच्या केसची फाईल नसते. ज्यांनी वॉरंट काढलं ते साहेब नसतात. मग पुष्कळदा कळंबा जेल, आणि सोमवारपर्यंत तिथला मुक्काम. आपल्या पायानं वर्किंग डेला सकाळी गेलेला माणूस आणि हवालदारानं दंडाला धरून आणलेला माणूस, साहेब दोघांकडं वेगळ्या नजरेनं बघतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

पोलीस आलेच तर पळू नका. "वॉरंट दाखवा" म्हणायचा हक्क आहे. वडिलांचं नाव, वय, केस नंबर बघा. एकाच नावाचे चार पाटील एका गल्लीत असतात, आणि मी स्वतः एकदा चुकीचा पाटील उचलून आणलाय. दुपारी सोडला, पण तो बिचारा आजही मला रामराम घालत नाही.

ताराराणी_चौक

काका, बाईच्या नावावर असलं तर? माझ्या नणंदेनं बचत गटाच्या कर्जाला चेक दिला होता, तिची पण केस आहे असं म्हणतात.

काळा_कोट_बावडा

ताई, बाई म्हणून वॉरंट निघत नाही असं नाही. पण सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं आधी दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यायची असते. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायसंकुलातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालतो. नणंदेला म्हणावं, आधी एस.सी.सी. नंबर शोधा.

ऊसवाला_गारगोटी

मला पण विचारायचंय. ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवला म्हणून आम्हा तीसेक जणांवर गुन्हा होता. नंतर पेपरात आलं, सरकारनं आंदोलनातले गुन्हे मागं घेतले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता त्यातल्या दोघांच्या घरी गारगोटी कोर्टाचं वॉरंट! म्हणजे सरकारनं फसवलं का?

काळा_कोट_बावडा

फसवलं नाही. तुम्ही बातमीला निकाल समजलात, एवढंच. सरकारनं ठरवलं तरी खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलांनी त्या कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टानं संमती द्यावी लागते. पूर्वी हे कलम ३२१ होतं, आता ३६० आहे. त्या तिसांपैकी किती जणांसाठी, कुठल्या गुन्ह्यासाठी अर्ज झाला, मंजूर झाला का, हे त्या केसच्या फाईलमध्येच कळणार. आदेश होईपर्यंत प्रत्येक तारीख ही तारीखच. पेढे जरा लवकर झाले.

ऊसवाला_गारगोटी

व्हय की. पेढ्याचं पैसं पण मीच दिलं होतं.

कागलकर_बसस्टँड

माझं प्रकरण सीमेपलीकडचं. निपाणी कोर्टात ट्रॅक्टरच्या अपघाताची केस आहे, वॉरंट असावं अशी शंका. कर्नाटकचं वॉरंट महाराष्ट्रात चालतंय का?

काळा_कोट_बावडा

चालतं. भारतात कुठंही बजावता येतं. दुसऱ्या जिल्ह्यात पकडलं तर साधारणपणे तिथल्या जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढं नेतात. अपवाद असा की वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिकडं. कागल ते निपाणी अंतर तुम्हीच मोजा, मी सांगायला नको. तपासताना ई-कोर्ट्सवर राज्य कर्नाटक निवडा. महाराष्ट्रात शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही.

पुण्याहून_पन्हाळ्याची

थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. माझ्या मावशीला व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं "अटक वॉरंट" आलं. वर अशोकस्तंभ, खाली सही, आणि "दोन तासांत रक्कम जमा करा नाहीतर डिजिटल अरेस्ट". मावशीनं एफडी मोडायचा फॉर्म भरला होता, बँकेतल्या मुलीनं विचारलं म्हणून वाचली. कुठलंही कोर्ट वॉरंट रद्द करायला फोनवर पैसे मागत नाही. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीच नाही. असं आलं तर १९३० या सायबर हेल्पलाईनला कळवा.

लेथवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे आभार. काल रात्री ॲपवर बसलो. माझ्या नावाचे सतरा जण निघाले. त्यात एक दुचाकी चोरीतला होता, बायकोनं माझ्याकडं संशयानं बघितलं. शेवटी पतसंस्थेच्या नावानं शोधलं तेव्हा सापडली. एस.सी.सी. २०१५ ची, प्रलंबित, टप्पा वकीलसाहेबांनी लिहिला तोच: एन.बी.डब्ल्यू. अनरेडी. मित्राला फोन केला तर म्हणतो, "अरे, थोडं राहिलं असेल." थोडं!

आता मनात येतंय की मी कर्ज घेतलंच नाही, जामीनदार होतो, मग माझ्यावर केसच कशी चालते? हाच मुद्दा आधी लढवावा का?

काळा_कोट_बावडा

नको. एक तर तो मुद्दा लंगडा आहे. जामीनदारानं दिलेला चेकही १३८ मध्ये येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. बचाव असेलच तर रक्कम किती भरली गेली यावर आहे, तो पुढं साक्षीपुराव्यात. दुसरं, वॉरंट डोक्यावर असताना कोर्ट तुमचं बाकी काही ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. आधी हजर व्हा.

क्रम सांगतो. वकीलपत्र नवीन द्या, जुने वकील असतील तर त्यांची ना हरकत घ्या. प्रकरण इतकं जुनं आहे की ते सुप्त फाईलला गेलेलं असू शकतं, म्हणजे तारखाच पडत नाहीत, वॉरंट मात्र चालू. तेव्हा दोन अर्ज: प्रकरण आज बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घ्यावं आणि वॉरंट रद्द करावं. गैरहजेरीचं कारण खरं लिहा, पत्ता बदलल्याचा पुरावा जोडा. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट आणू नका, आठ वर्षांचा ताप कुणाला येत नाही. जुना जामीनकदबा (जामीनदारानं लिहून दिलेली हमी) जप्त झालेला असू शकतो, म्हणून नवा जामीनदार बरोबर ठेवा: आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरफाळ्याची पावती. तो त्या दिवशी नाही मिळाला तर रोख जामिनाची परवानगी मागता येते, थोडे पैसे खिशात असू द्या. आणि डबा बरोबर घ्या, पुकारा कधी होईल सांगता येत नाही.

आत टाकतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच विचारायचं आहे. हमी कुणी देऊ नये. मात्र १३८ सारख्या केसमध्ये स्वतःहून आलेल्याला बहुतेक वेळा खर्च लावून सोडतात. न आल्यास पुढची पायरी फरारी घोषित करणं आणि मालमत्ता जप्ती. तुमचं लेथ त्यात येईल.

रस्सा_वेगळा

माझे शब्द मागं घेतो. गल्लीतल्या त्या माणसाला पण हा धागा पाठवलाय. त्यानं मला ब्लॉक केलं.

लेथवाला_उद्यमनगर

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो, कारण मला असं लिहिलेलं कुठं वाचायला मिळालं नाही.

सोमवारी साडेदहाला बावड्याला पोचलो. वकील म्हणाले होते तसंच, फाईल सुप्तमध्ये. शोधायला दीड तास. तोपर्यंत बाहेरच्या बाकावर. कोर्ट फीचं तिकीट अर्जाला चिकटवताना माझा हात इतका हलत होता की वकिलांच्या ज्युनिअर मुलीनं ते माझ्याकडून काढून घेतलं.

पुकारा झाला सव्वा वाजता. साहेबांनी फाईल उलटली. प्रत्येक पान पिवळं. "इतकी वर्षं कुठं होता?" मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "साहेब, मित्र म्हणाला मिटलं." मागं कुणीतरी हसलं. पतसंस्थेच्या वकिलांनी हरकत घेतली: आरोपी पुन्हा पळेल, बोजा मोठा आहे. आमच्या वकिलांनी घरफाळ्याची पावती आणि लाईटबिल दाखवलं, म्हणाले आरोपी याच शहरात राहतो, उद्यमनगरात त्याचं शेड आहे. साहेब दोन मिनिटं लिहीत राहिले. ती दोन मिनिटं मी भिंतीला टेकूनही उभा राहिलो नाही.

अर्ज मंजूर. हजार रुपये खर्च फिर्यादीला, पंधरा हजारांचा नवा जातमुचलका (मी स्वतः हजर राहण्याची लेखी हमी) आणि तेवढाच एक जामीनदार. मेहुणा सातबारा घेऊन आला होता. जातमुचलक्यावर सही करताना क्लार्कनी माझ्या बोटांकडं बघितलं. नखांतलं ऑइल कितीही घासलं तरी जात नाही. म्हणाले, "कामावरनं थेट आलाय?" मी हो म्हणालो. सगळं होईपर्यंत साडेचार.

रोजनाम्यातून एक गोष्ट कळली. मित्रानं साधारण निम्मी रक्कम भरली होती, त्याची पावती फाईलला आहे. बाकी निम्म्यासाठी पतसंस्थेचे वकील लोकअदालतीत बसायला तयार दिसतात. मित्र मात्र आता फोन उचलत नाही.

निवृत्त_अंमलदार

शाब्बास. आता एक काम राहिलंय, ते आजच करा. वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. कोर्टातून ठाण्याला पत्र जातं, पण ते पोचेपर्यंत बीट अंमलदाराच्या डायरीत जुना कागद तसाच असतो. मुंबईत २००२ साली असंच झालं होतं. वॉरंट १२ ऑगस्टला रद्द, आणि एका वकिलालाच १५ ऑगस्टला त्याच वॉरंटवर अटक. रद्द झाल्याचा कागद दाखवूनही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये अजामीनपात्र वॉरंट कसं काढावं, नोंद कशी ठेवावी, रद्द झाल्यावर परत कसं मागवावं, याच्या सूचना निघाल्या. सूचना आहेत. तरीपण नक्कल खिशात ठेवा.

लेथवाला_उद्यमनगर

काका, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. तीन आठवड्यांनी, म्हणजे आज सकाळी सात वाजता, फुलेवाडीच्या घरी दोघं आले. नवा पत्ता कुणी दिला असेल ते सांगायला नको. चुलत्यांना वाटलं आपण पोलिसांना सहकार्य करतोय. मी टूथब्रश तोंडात ठेवूनच नक्कल आणि ठाण्याची पोच आणली. त्यातल्या मोठ्यांनी दोनदा वाचली, मोबाईलवर फोटो काढला, डायरीतला कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, "आम्हाला काल यादी मिळाली, त्यात नाव होतं." चहा विचारला तर घेतला नाही.

पुढची तारीख १४. मोबाईलमध्ये दोन गजर लावलेत, आणि शेडच्या भिंतीवर खडूनं पण लिहिलंय.

चुलते पेठेत आता सांगत फिरतायत की पुतण्या हायकोर्टातनं सुटून आला.

रस्सा_वेगळा

पेढे कधी?

ऊसवाला_गारगोटी

निकाल लागूदे आधी.